जग सातवीला होतं

आमच्या वेळी भूगोल पायरीपायरीनं शिकवायचे. आधी गाव, मग तालुका, मग सातारा जिल्हा. चौथीला मुंबई इलाखा. पाचवी-सहावीला हिंदुस्थान आणि सातवीला जग. आमच्या गावची शाळा चौथीपर्यंतच होती. पुढं शिकायचं तर कडेगावला जायचं, चार मैल चालत.

मी चौथीत पहिली आले तेव्हा मास्तर आपण होऊन घरी आले आणि वडलांना म्हणाले, हिला पुढं घाला, हिला भूगोलाची ओढ आहे. वडील गप्प बसले. आमच्या घरात बोलायचं ते थोरल्या चुलत्यांनी. चुलते म्हणाले, पोरगी चार मैल जायची म्हणजे तिच्याबरोबर माणूस पाहिजे आणि आमच्याकडं माणूस मोकळा नाही. त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या थोरल्या भावाचं नाव कडेगावच्या शाळेत घातलं. दादा चौथीत तीनदा बसला होता. मी म्हटलं, मग मी दादाबरोबर जाईन. त्यावर मला उत्तर मिळालं नाही, थोबाडीत मिळाली.

असा मला जिल्हा मिळाला, इलाखा मिळाला. जग मिळालं नाही, ते सातवीला होतं.

म्हातारपणी राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही. हे लिहायला बसले ती त्याच्याच जोरावर.

मला जाऊ देत होते ती ठिकाणं चार. विहीर, मळा, ओढा आणि देऊळ. मी ठरवलं, एवढंच दिलंय ना, मग एवढं तरी सगळं बघून टाकायचं. विहिरीला पायऱ्या किती, वैशाखात त्यातल्या किती उघड्या पडतात, पाणी कुठल्या अंगानं पाझरतं, हे मला पाठ होतं. मळ्यातल्या बांधावर कुठल्या महिन्यात कुठलं पाखरू येतं आणि कुठल्या दिशेनं येतं ते मी बघून ठेवत असे. एकदा ओढा कुठून निघतो ते बघायला मी काठाकाठानं वर गेले. निघतो तो डोंगराच्या एका कपारीतून, मनगटाएवढ्या धारेनं. वर करवंदीची जाळी आणि शेवाळलेला खडक. बस. पण हे गावात कुणालाही विचारलं तरी सांगता येत नव्हतं, कारण कुणी गेलंच नव्हतं. मी परत आले तेव्हा दिवस कलला होता. आईनं मला ओल्या फोकानं झोडपलं. मार खाताना मला एवढंच वाटत होतं, की हिनं एकदा विचारावं, काय दिसलं गं वर. तिनं विचारलं नाही. कुणीच नाही.

मग लढाई लागली. आमच्या भागात घराआड घर पलटणीत माणूस. दादानं सहावीतनं नाव काढलं, साताऱ्याला जाऊन वय वाढवून सांगितलं आणि भरती झाला. पहिल्या रजेवर आला तेव्हा तो बोटीनं कराचीला जाऊन आला होता. घरातल्या सगळ्यांनी त्याला जेवणाखाण्याचं विचारलं. मी सगळे उठेपर्यंत थांबले आणि विचारलं, "दादा, समुद्र कसा असतो?"

"पाणी."

"कसलं पाणी? रंग कसा? काठ दिसत नसला की कसं वाटतं?"

त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "लय पाणी असतंय." आणि कुशीवर वळून झोपला.

मला त्या दिवशी त्याचा जो राग आला तो पुढं कित्येक वर्षं पुरला. जे माझ्यापासून हिसकावून घेतलं ते याला दिलं, आणि हा ते बघतसुद्धा नव्हता. पुढं तो समुद्रापार गेला. तिथनं त्याची पत्रं यायची ती सगळी एकाच छापाची. मी इथं खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी, थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. आफ्रिकेतून यावं की शेजारच्या गल्लीतून, पत्रात काही फरक नसता.

गावात बायांमध्ये लिहिता-वाचता येणारी मी एकटी. मास्तर होते, पण आयाबायांना मास्तरांपुढं मनातलं बोलायची लाज वाटे. मग त्या माझ्याकडं यायला लागल्या. पत्र वाचून दाखव, उत्तर लिही. आठ-नऊ घरांची पत्रं माझ्या हातून जायची. चुलत्यांनी याला हरकत घेतली नाही, कारण त्यासाठी मला उंबऱ्याबाहेर जावं लागत नव्हतं.

कागदाची तेव्हा टंचाई होती. एका पत्राला एकच पान. बाया सांगायच्या तेच तेच. जपून राहा, वेळेवर खात जा, म्हस व्याली, पाऊस बरा आहे. ते लिहून झालं की खाली तीन-चार ओळींची जागा उरायची. त्या जागेत मी पहिल्यांदा केव्हा लिहिलं ते आठवत नाही, पण काय लिहिलं ते आठवतं. "तिकडं विहिरी कशा असतात? पाणी कशानं काढतात?" कुणाला न सांगता, त्यांच्या आईच्या नावानं.

बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. आसामच्या सरहद्दीवरच्या एकानं लिहिलं की इकडं रान तोडून जाळतात आणि राखेत पेरतात. आमच्या चुलतीच्या भावानं मात्र लिहिलं, पत्र लिहिणाऱ्याला सांगा, भलत्या चौकशा नकोत, इथं पत्रं तपासली जातात. ते पत्र वाचून दाखवताना मी ती ओळ गाळली.

आणि एकजण होता जो सगळं सांगायचा. तो आक्काचा मुलगा.

आक्का आमच्या शेजारची. लवकर नवरा गेलेली, दोन एकराचा तुकडा स्वतः कसणारी, तोंडाची फटकळ. तिचा हा एकुलता एक. गावात असताना मी त्याच्याशी चार शब्द बोलले असेन तर शपथ. शेतात मान खाली घालून राबणारं पोर ते. पण त्याची पत्रं आली की मला वाटायचं, हा मुलगा इतकी वर्षं गप्प होता तो कुणी विचारलं नाही म्हणून. त्यानं लिहिलं, इथं मोट नाही. एक आडवं लाकडी चाक, त्याला दाते, त्यात अडकलेलं दुसरं उभं चाक, त्याला गाडग्यांची माळ. बैल मोटेसारखा मागंपुढं जात नाही, घाण्यासारखा गोल फिरतो, डोळ्याला झापडं बांधलेली असतात. त्यानं लिहिलं, आपल्याकडं हे चाललं असतं, पण आपल्या विहिरी खोल, माळ लई लांब करावी लागेल. शेतात बसून तो हे लिहितोय असं वाटायचं.

गावांची नावं त्याच्या पत्रातून कापलेली असायची. साहेब लोक कात्री घेऊन बसायचे, पत्राला खिडक्या पाडायचे. पण एका पत्रात कात्रीतून एक गोष्ट निसटली. त्यानं लिहिलं होतं, इथली नदी उलटी जाते. सकाळी उगवतीकडं तोंड करून उभं राहिलं की पाणी डाव्या हाताला वाहतं. आपली येरळा उजव्या हाताला.

ती ओळ घेऊन मी शनिवारची वाट बघत बसले. शनिवारी शाळा सारवायला मुली लागायच्या. शिकायला मला शाळा बंद होती, सारवायला उघडी होती. हातभर शेण कालवून मी ती जमीन सारवायची, जिच्यावर बसून माझ्याहून अर्ध्या डोक्याची पोरं पाढे म्हणत होती. सारवण वाळेपर्यंत आत पाय ठेवता येत नसे. तेवढ्या वेळात मास्तर जगाचा नकाशा बाहेर आणून ओसरीच्या खुंटीला अडकवायचे. तो माझ्यासाठी आहे असं त्यांनी कधी म्हटलं नाही. भित्रा माणूस, पण वाईट नव्हता. दुसऱ्या गावच्या शाळेला जायचा असेल म्हणून उघडून ठेवलाय, असं काहीतरी पुटपुटायचे आणि दुसरीकडं बघायचे.

मी शेणाचे हात मागं धरून उभी राहिले आणि खालून वर जाणारी नदी शोधली. सापडली. लांबलचक, शेवटी पंख्यासारखी फुटून समुद्राला मिळालेली. मी मास्तरांना नाव वाचून दाखवलं. ते म्हणाले, हो, वर्तमानपत्रात तिकडच्याच लढाईचं येतंय. सरकारनं कात्री लावून लपवलेली जागा मी कडेगावजवळच्या एका खेड्यात, शेणाच्या हातांनी हुडकून काढली होती.

मास्तरांनी दिलेल्या जुन्या परीक्षेच्या पेपरांच्या कोऱ्या बाजू शिवून मी एक वही केली होती. त्यात सगळ्यांची उत्तरं उतरवून ठेवायची. विहिरी, माती, घरांची छपरं, वारे, बायकांची लुगडी. आक्काच्या मुलाची पानं सगळ्यांत जास्त.

आता जे झालं ते सांगायचं. ते सांगताना रागावण्यासारखा दुसरा माणूस मला सापडत नाही.

एका पत्रात त्यानं जाता जाता लिहिलं की मधी थोडा ताप येऊन गेला. आक्कानं उत्तर सांगितलं ते असं, की ताप उतरला का, अंग अजून तापतंय का, तिथं औषध कोण देतं, रातचं भिजू नकोस. मी लिहीत होते. पान संपत आलं होतं. मला त्याला विचारायचं होतं की त्या नदीला पूर कुठल्या महिन्यात येतो आणि पाऊस न पडता कसा येतो, कारण मास्तरांनी मला तसं सांगितलं होतं आणि ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी मनाशी म्हटलं, तापाचं हा आपोआप लिहीलच. आणि आक्काच्या चार ओळींच्या जागी माझ्या दोन घातल्या. लिहून झाल्यावर आक्कानं वाचून दाखव म्हटलं. मी तिनं सांगितलेलं तोंडपाठ म्हणून दाखवलं.

उत्तर अडीच महिन्यांनी आलं. पुराबद्दल पुरतं एक पान. पाणी वरच्या मुलखातल्या पावसाचं येतं, इथं आभाळात ढगसुद्धा नसतो, गाळ काळा असतो, लोक तो शेतात पसरू देतात. तापाबद्दल शब्द नाही. आक्का म्हणाली, बरा असंल म्हणूनच लिहिलं न्हाई.

त्यानंतर महिन्याच्या आतच पाटलाकडं सरकारी कागद आला. इंग्रजीत होता. मास्तरांनी वाचून सांगितलं. गोळी नाही, बॉम्ब नाही. ताप. दवाखान्यात.

दहावं-बारावं झाल्यावर आक्का आमच्याकडं आली. पत्रांची पिशवी तिनं माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, शेवटचं वाच. मी वाचलं. ती म्हणाली, परत. मी परत वाचलं. मग ती म्हणाली, "मी इचारलं हुतं, ताप उतरला का. त्याचं उत्तर कुठाय?"

सोप्यात चुलती होती, आई होती, दोन शेजारणी होत्या. मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "आक्का, ते मी लिहिलंच न्हाई."

तिनं मला मारलं नाही. शिव्याही दिल्या नाहीत. पत्रं एकेक करून पिशवीत भरली आणि गेली. विचारलं असतं तरी तो वाचला नसता, असं पुढं मला पुष्कळांनी सांगितलं. ते मलाही कळतं. पण आईनं विचारलेलं त्याच्यापर्यंत पोचलं नाही आणि ते न पोचवणारी मी होते. दोन ओळींसाठी. चुलत्यांनी माझ्याशी केलं होतं त्याहून हे फार वेगळं नव्हतं. दुसऱ्याच्या वाटणीची जागा मी खाल्ली होती.

चुलत्यांपर्यंत गोष्ट गेली तेव्हा त्यांनी तिला वेगळाच रंग दिला. परक्या पोरांना ही चोरून पत्रं लिहिते. चुलतीच्या भावाचं पत्रही तेव्हा बाहेर आलं. आमचं गुऱ्हाळ चालू होतं, काहिलीत रस उकळत होता, दिवसाउजेडी पाच-पंचवीस माणसं भोवती होती. चुलत्यांनी आईकडून वही मागून घेतली, मला तिथं बोलावून घेतलं आणि सगळ्यांदेखत वही चुलवाणात टाकली. चिपाडाचा जाळ तो, कागद काय टिकणार. मला रडताना बघायचं असावं त्यांना. मी रडले नाही. मी विचारलं, "आबा, त्यात काय हुतं ते तुमी वाचलं तरी का?"

त्यांना नीट वाचता येत नव्हतं. सगळ्यांना ते ठाऊक होतं. त्या प्रश्नाबद्दल मला जी शिक्षा झाली ती सांगत नाही, पण तो प्रश्न विचारल्याचा मला आजही पस्तावा नाही.

बायांनी पत्रं लिहायला येणं बंद केलं. तीन-चार महिने असे गेले. मग एके दिवशी दुपारी आक्का आली. बरोबर कागद घेऊन आली होती, एक नाही, चांगले पाच-सहा. कुठून मिळवले देव जाणे. आई म्हणाली, आता हिच्याकडनं लिहून घेणार? आक्का म्हणाली, चुकलीया ती, पर तिच्याइतकं बारीक इचारायला दुसऱ्या कुणाला येत न्हाई. मग माझ्यापुढं बसून म्हणाली, "आता तुझं काय बी इचारायचं न्हाईस. माझं इचारायचं. आन् एक बी गाळायचं न्हाईस."

तिच्या मुलाच्या पत्रांत एका मित्राचा उल्लेख असायचा. माणातला, दहिवडीकडचा, मेंढरांमागं वाढलेला. त्याला पत्र होतं. आक्कानं विचारलं, खाट कुठल्या तोंडाला होती. पाणी कोण पाजायचं. ते मडक्यातलं होतं का पिपातलं. ताप किती दिवस अंगात होता आणि तो कुणाला सांगत का नव्हता. अग्नी दिला का माती. लाकूड कुठल्या झाडाचं होतं. तिथनं नदी किती लांब. तिथली माती काळी का तांबडी. वारा कुठनं येतो. मी लिहीत होते. मला वाटायचं असं विचारणं मला एकटीलाच सुचतं. इतकी वर्षं ही बाई माझ्या शेजारी राहत होती आणि तिच्या पोटात हे सगळं होतं. तिच्या पत्रांत मीच म्हस व्याली, पाऊस बरा आहे एवढंच लिहीत आले होते. तिलाही कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि त्या कुणीमध्ये मीही होते.

उत्तर आलं. मित्राला लिहिता येत नव्हतं, त्यानं दुसऱ्याकडून लिहून घेतलं होतं, पण मेंढक्याची नजर ती, काही सुटलं नव्हतं. खाट दाराकडं तोंड करून. पाणी पिपातलं, पण एक म्हातारा रोज सुरईतलं गार पाणी आणून द्यायचा. ताप आठ दिवस लपवला, कारण दवाखान्यात घातलं की पलटण पुढं निघून जाईल. माती पांढरट, आमच्या माणासारखी. अग्नी दिला, बाभळीच्या जातीचं लाकूड होतं. राख त्याच नदीत सोडली.

आक्कानं ते तीन वेळा ऐकलं. मग म्हणाली, ती नदी मला दाव.

शनिवारी मी तिला शाळेत घेऊन गेले. मास्तर यावेळी काही पुटपुटले नाहीत, त्यांनी सरळ नकाशा अडकवला. आक्कानं तोंड जवळ नेऊन बघितलं आणि विचारलं, आपलं गाव कुठाय. मी म्हटलं, यात नाही, एवढं लहान दाखवत नाहीत. "मंग ह्यो कसला नकाशा," ती म्हणाली. मास्तर तिची समजूत घालायला म्हणाले की आक्का, पाणी सगळीकडचं एकच असतं, शेवटी सगळं एका सागरात जातं.

"मास्तर, समजूत नगं," ती म्हणाली. "वाट दावा."

मी तिचं बोट धरलं. मुंबईवरून निघून, तांबड्या समुद्रातून वर, कालव्याच्या तोंडाशी, तिथून नदीवर. ती म्हणाली, पुन्हा. पुन्हा नेलं. तिसऱ्यांदा तिनं माझा हात बाजूला केला आणि स्वतःचं बोट स्वतःच फिरवलं. चुकलं नाही.

चुलत्यांनी त्या वर्षीच माझं लग्न उरकलं. नवरा माधवनगरच्या कापडगिरणीत होता. ताकारीला मी जन्मात पहिल्यांदा आगगाडीत बसले. खिडकी माझ्या खांद्याला लागून होती. सासूनं माझा पदर नाकापर्यंत ओढला आणि सांगितलं, मान वर करू नकोस. सबंध प्रवास मी डब्याच्या फळ्या बघितल्या. एवढी आग कधी पोटात पेटली नव्हती. एक पूल लागला, त्याच्या आवाजावरून मी ओळखलं की खाली नदी आहे आणि पाणी कमी आहे. तेवढं कुणाला माझ्याकडून काढून घेता आलं नाही.

माधवनगरला चाळीतली एक खोली. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर भाकरी. नवरा वाईट नव्हता, पण गल्लीच्या तोंडापलीकडं मी एकटी जाऊ नये असं त्याचंही मत. बरं, म्हटलं. मग नळावर येणाऱ्या बाया कुठून कुठून आल्यात ते मी विचारायला लागले. एक कानडी मुलखातली होती, तिच्याकडून मी पाण्याला, चुलीला, वाटेला काय म्हणतात ते शिकले. तिनं मला तिच्या गावची विहीर जमिनीवर काढून दाखवली. सहा महिन्यांत त्या एका गल्लीत मी तीन मुलूख फिरले. कुणी याला शहाणपण म्हणेल. मला ते तसं वाटत नव्हतं. उपाशी माणसानं भांडं चाटावं तसं ते होतं.

लढाई संपली, दादा परत आला. त्याला भेटायला मी माहेरी गेले. सोप्यात माणसं जमली होती, पाहुणे, भावकी. दादा मधोमध बसून परमुलखाच्या गोष्टी सांगत होता. उंबऱ्याशी आक्का बसली होती. मी आतल्या दारात उभी राहून ऐकू लागले. दादा सांगत होता, तिकडं मोट नसते. आडवं चाक असतं, दात्यांचं. गाडग्यांची माळ. बैलाला झापडं.

शब्दसुद्धा तेच होते. ती पत्रं मी आक्काला वाचून दाखवताना ज्या ज्या बाया ऐकत बसायच्या, त्यांच्या तोंडून ती गावभर झाली होती आणि कुणाकडून तरी याच्या कानावर आली होती. लोक माना डोलावत होते. चुलते म्हणाले, बघा, जग बघितलेला माणूस.

मी सोप्यात आले. बायांनी पुरुषांच्या बैठकीत यायची रीत नव्हती. मी म्हटलं, "दादा, ते तू बघितलं न्हाईस."

चुलते उठायला लागले. तेवढ्यात आक्का बसल्या जागेवरून म्हणाली, "माझ्या पोरानं बघितलंय ते. त्याचं नाव घेऊन सांग." तिचा आवाज चढलेला नव्हता. दादानं मान खाली घातली. बैठक मोडली. चुलत्यांनी मला सांगितलं, उद्या सकाळी निघायचं, आणि बोलावल्याशिवाय पुन्हा यायचं नाही.

सकाळी मी विहिरीवर गेले तर दादा तिथं येऊन बसला होता. मी त्याच्याशी बोलणार नव्हते. तोच म्हणाला, "मी काय सांगू लोकास्नी? चार वर्षं मी भटारखान्याच्या तंबूत हुतो. कुठल्या गावात हाय ते बी कुणी सांगायचं न्हाई. रातचं ट्रकात भरायचे, दिवसा तंबूत. मी काय बी बघितलं न्हाई गं."

मी घागर खाली ठेवली. मला त्याची दया आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला नव्यानं राग आला, आता त्याच्यासाठीही. कडेगावच्या शाळेत याला घातलं, बोटीत याला घातलं, आणि तिथं नेऊनही तंबूत कोंडलं. मी म्हटलं, मग तंबूतलं सांग.

"तंबूत काय असतंय?"

"तेच इचारतीया. कणीक कसली हुती?"

आधी त्याला बोलताच येईना. मग हळूहळू आलं. कणकेत वाळू यायची, चार वेळा चाळली तरी दाताखाली करकर. वारा सुटला की तंबूचं कापड आत फुगायचं, तोंडाला फडकी बांधून रोट्या थापायच्या. बटाटे सोलायला एक कैदी दिला होता, इटलीचा. दोघांना एकमेकाचा शब्द कळत नव्हता. एकदा त्या कैद्यानं फळीवर सांडलेल्या पिठात बोटानं आपलं घर काढलं. दादानं शेजारी आपलं काढलं. मग वरचा हवालदार आला, दोघांनी हातानं पीठ पुसलं, मळलं आणि रोट्या केल्या.

असं काही बघितलेला माणूस परवापासून दुसऱ्याचं चाक फिरवत बसला होता. मी त्याला ते बोलून दाखवलं.

घराकडून चुलत्यांची हाक आली, गाडी जुंपलीया. मी उठले नाही. मी विचारलं, "त्या माणसाच्या घराला दार कुठल्या अंगाला हुतं?"

दादानं डोळे मिटले. हाक पुन्हा आली. "थांब जरा," तो म्हणाला, आणि ओल्या दगडावर बोटानं रेघ ओढायला लागला.